केळीला वाऱ्याचा विमा आहे, युद्धाचा नाही

(जुलै २०२५ मध्ये रेकॉर्ड केलेल्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त "अं", "म्हणजे कसं" वगैरे काढून टाकलंय.)

यावलहून बोलतोय. मागे ट्रॅक्टरचा आवाज येईल, त्याला इलाज नाही. सध्या मृगबागेची लागवड चालू आहे आणि आमच्या घरामागूनच शेतरस्ता जातो.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय काढलं भो मध्येच. विषय आहे इराण, इस्रायल, होर्मुझची सामुद्रधुनी आणि केळी. आपल्याकडे देशाची सुरक्षा म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? तापी ओलांडून भुसावळला गेलं की ऑर्डनन्स फॅक्टरी, पुढे वरणगावची दुसरी. भुसावळला पिनाका रॉकेटचे पॉड तयार होतात, वरणगावला बंदुकीच्या गोळ्या. यावल तालुक्यातून रोज तिकडे कामाला जाणारे लोक आहेत. पण मी आज त्या फॅक्टऱ्यांबद्दल बोलणार नाही. कारण माझं म्हणणं असं आहे की आशियातलं सामरिक राजकारण यावल-रावेरच्या प्रत्येक गावात आधीच येऊन बसलंय. ते केळीच्या पट्टीवर बसलंय, खताच्या गोणीवर बसलंय. फक्त ते आपल्याला त्या नावाने कुणी सांगत नाही.

आधी तारखा सांगतो. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले. २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्याच दिवशी इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्याच्या ठरावाला पाठिंबा दिला. शेवटचा निर्णय त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा असतो आणि तो काही झाला नाही. २४ जूनला शस्त्रसंधी. बारा दिवसांत खेळ आटोपला. सामुद्रधुनी एक दिवसही बंद झाली नाही.

आता हेच बारा दिवस आमच्या गल्लीत कसे गेले ते ऐका. आमच्या शेजारच्या नानांची बाग कापणीला आली होती. घड एक्सपोर्टच्या मापाचे, फण्यांमध्ये फोम लावलेला, स्कर्टिंग बॅग चढवलेल्या, सगळं नियमाने केलेलं. दर ठरला होता तोंडी. कटाईच्या आदल्या संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन. "नाना, तिकडं लढाई लागली. कंटेनर चढवून घेत नाहीत. क्विंटलमागे तीनशे कमी होतील." नानांनी विचारलं, "किती दिवस थांबावं लागेल?" तो म्हणाला, "थांबा की. पण मग उद्याचा भाव मी नाही सांगू शकत." आता तुम्हीच सांगा, तयार घड झाडावर किती दिवस ठेवणार? कांदा असता तर चाळीत टाकला असता. कापूस असता तर घरात रचला असता. केळीचा घड भरला की मोजून थोडे दिवस हातात असतात, वरून जूनमधल्या वादळाची भीती. नानांनी बाग कापू दिली.

तर माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न आहे. ते तीनशे रुपये खरोखर युद्धाचे होते का? सगळे होते, थोडे होते, की युद्धाचं नुसतं नाव होतं?

मी चार वर्षं उरणकडे कंटेनरच्या कागदपत्रांचं काम केलंय, त्यामुळे हा हिशोब मांडता येतो. पण त्याआधी जागा समजून घेऊ.

होर्मुझची सामुद्रधुनी म्हणजे इराण आणि ओमान यांच्यामधली समुद्राची चिंचोळी पट्टी. सगळ्यात अरुंद ठिकाणी साधारण ३३ किलोमीटर. त्यातही मोठ्या जहाजांना जायला तीनेक किलोमीटरची एक लेन आणि यायला तेवढीच दुसरी. २०२४ साली या वाटेने दिवसाला सुमारे २ कोटी बॅरल तेल गेलं, म्हणजे जग जेवढं वापरतं त्याच्या जवळपास एक पंचमांश. कतारचा एलएनजी गॅसही इथूनच निघतो. आणि हे कच्चं तेल बहुतांश जातं कुठे? आशियात. चीन, भारत, जपान, दक्षिण कोरिया. म्हणजे वाट पश्चिम आशियाची, पण गळा आपला.

ठिबकवाल्यांना हे एका वाक्यात कळेल. दहा एकराला लॅटरल पसरलेल्या आहेत, हजारो ड्रिपर आहेत, पण मेन लाइनचा वॉल एकच. तो कुणी बंद केलाच पाहिजे असं नाही. त्याच्यावर हात ठेवून कुणी उभा राहिला तरी शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. इराणने गेली चाळीस वर्षं हेच केलंय. १९८० च्या दशकात इराण-इराक युद्धात शेकडो जहाजांवर हल्ले झाले, त्याला टँकर वॉर म्हणतात, तेव्हाही सामुद्रधुनी पूर्ण बंद नव्हती. कारण ती बंद केली तर इराणचं स्वतःचं तेलही अडकतं. हात ठेवायचा, फिरवायचा नाही. ताकद त्या ठेवलेल्या हाताची आहे.

आता केळी. भारत हा जगातला सगळ्यात मोठा केळी उत्पादक. सरकारी आकड्यानुसार २०२२-२३ मध्ये आपलं उत्पादन साडेतीन कोटी टनांच्या पुढे होतं, जगाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. आणि त्याच वर्षी निर्यात किती? ३.६ लाख टन. शंभरातला एक टन. किंमत १७ कोटी ६० लाख डॉलर. ही केळी कुठे जाते बघा: इराण, इराक, संयुक्त अरब अमिराती, ओमान, उझबेकिस्तान, सौदी, नेपाळ, कतार, कुवेत, बहारीन, अफगाणिस्तान, मालदीव. यातून नेपाळ, मालदीव आणि ओमान बाजूला काढा. बाकी जवळजवळ सगळी यादी होर्मुझच्या आत आहे किंवा इराणच्या वाटेवर आहे. दुबईचं जेबेल अली बंदर आत. इराणचं बंदर अब्बास तर दारातच. सौदीला लाल समुद्राच्या बाजूने जेद्दा आहे, पण तिकडची कथा वेगळी, ती येतेच पुढे. उझबेकिस्तानला समुद्रच नाही. पाकिस्तानातून आपल्या मालाला वाट नाही. म्हणजे मध्य आशियात जायचा सोयीचा रस्ता परत इराणमधूनच.

२०१६ मध्ये जळगाव केळीला जीआय मिळालं. २०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची जीआयवाली केळी दुबईला गेली, २२ टन. तेव्हा व्हॉट्सअॅपवर त्या पेट्यांचे फोटो फिरले होते. पॅकहाऊस वाढले, टिश्यू कल्चरची रोपं, फ्रूट केअर, तेरा किलोची पेटी, सगळं आलं. चांगलंच झालं. पण त्या दिवसापासून आपला एक पाय होर्मुझमध्ये आहे, हे कुणी सांगितलं नाही.

कुणी म्हणेल, शंभरात एकच टन बाहेर जातं, मग भाव का हलावा? कारण तो एक टन म्हणजे वरचा, निवडक माल. तो बाहेर जातो म्हणून इथे चांगल्या मालाला स्पर्धा मिळते. तो अडकला की तोच माल दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या गाडीत चढायला येतो, आणि मग बऱ्हाणपूर-सावद्याचा बोर्ड खाली येतो. हे खरं आहे. व्यापारी प्रत्येक वेळी खोटंच बोलतो असं मी म्हणत नाही.

आता हिशोब. वही घ्या.

युद्धाच्या भागात जहाज न्यायचं तर मालकाला वेगळा वॉर रिस्क विमा घ्यावा लागतो. तो जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत असतो आणि साधारण सात दिवसांपुरता, म्हणजे एका फेरीचा. लंडनच्या विमा बाजारात आखाताचा हा भाग २०१९ पासून धोकादायक यादीत आहे. एरवी दर ०.१२५ टक्क्यांच्या आसपास. जूनच्या त्या दिवसांत तो ०.२ पर्यंत आणि काही जहाजांना ०.५ पर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या. समजा जहाज १० कोटी डॉलरचं आहे. ०.२ टक्क्याने विमा झाला २ लाख डॉलर. समजा त्यावर ५ हजार कंटेनर आहेत. एका कंटेनरला आले ४० डॉलर. डॉलर ८६ रुपये धरा, झाले ३,४४० रुपये. एका चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये १,५४० पेट्या, तेरा किलोच्या, म्हणजे २० टन, २०० क्विंटल. भागा. क्विंटलला १७ रुपये.

सतरा!

बरं, दर ०.५ धरला तरी ४३ रुपये. आता तुम्ही म्हणाल, शिपिंग लाइन काय विम्याएवढेच पैसे घेते का? नाही घेत. ती वॉर रिस्क सरचार्ज लावते, त्यात आपला फायदाही बघते. समजा कंटेनरला ३०० डॉलर लावले. तरी २५,८०० रुपये होतात, क्विंटलला १२९. नानांचे कापले तीनशे. उरलेले १७१ कशाचे?

इथे थोडं थांबून समोरच्याची बाजूही बघू. निर्यातदाराच्या डोक्यावर काय असतं? न्हावा शेवाहून जेबेल अलीला जहाज आठवड्याच्या आत पोचतं. रीफरमध्ये तापमान १३-१४ अंश. त्याच्या फार खाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की केळी पिकायला लागते. जहाज दहा दिवस बाहेर नांगर टाकून उभं राहिलं तर हिरवी केळी पोचणार का पिवळी, हा जुगार. १७ जूनला होर्मुझच्या तोंडाशी फ्रंट ईगल आणि अॅडलिन नावाचे दोन टँकर एकमेकांवर आदळले. त्या दिवसांत तिथे जीपीएसमध्ये प्रचंड गडबड केली जात होती. तुमच्यापैकी ज्यांच्या मोबाईलवर जहाजं बघायचं अॅप आहे त्यांनी पाहिलं असेल, नकाशावर जहाजं वाळवंटात उभी दिसत होती. अशा वेळी वीस टन माल पाठवणारा माणूस घाबरणार. तो घाबरला की भीतीची किंमत लावणार. तो १७१ मध्ये ही भीती आहे, हे मान्य.

पण आता साखळी बघा. जहाजाला वॉर रिस्क विमा आहे. मालाला मरीन कार्गो विमा आहे, त्यात युद्धाचं कलम वेगळे पैसे भरून जोडता येतं. निर्यातदाराचे पैसे समोरच्याने बुडवले तर त्यासाठी सरकारची ईसीजीसी ही कंपनी आहे, १९५७ पासून, निर्यातीच्या पैशांना विमासंरक्षण देते. आणि नाना? नानांना हवामान आधारित फळपीक विमा आहे. थंडी पडली, पारा चढला, वारा जोरात सुटला, गारपीट झाली, तर दावा करता येतो. तो मिळायला काय काय करावं लागतं हा वेगळा एपिसोड होईल. पण बंदर अब्बासला काही झालं तर? काही नाही. सगळ्या साखळीत ज्याच्याकडे थांबायची सोय नाही, त्याच्याकडेच विमा नाही. त्यामुळे वरच्या प्रत्येकाने आपली भीती एकेक पायरी खाली ढकलली आणि ती येऊन थांबली यावल तालुक्यातल्या तीन एकरांत.

मला विचाराल तर सगळ्या विषयाचं मर्म हे आहे. टीव्हीवर चर्चा चालते कुणाचं क्षेपणास्त्र कुठे पोचतं याची. जोखीम कुठे पोचते याची चर्चा मी तरी एकदाही ऐकली नाही.

इराणबरोबरच्या धंद्यात आणखी एक गाठ आहे, पैशाची. अमेरिकेचे निर्बंध असल्यामुळे इराणशी डॉलरमध्ये व्यवहार अवघड. यावर भारताने एक युक्ती काढली होती. आपण इराणचं तेल घ्यायचं, त्याचे पैसे रुपयांत युको बँकेच्या खात्यात ठेवायचे आणि त्याच रुपयांतून इराणने आपल्याकडून तांदूळ, चहा, फळं, औषधं घ्यायची. छान चाललं होतं. मग अमेरिकेने सवलत काढून घेतली आणि २०१९ च्या मे महिन्यापासून आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. तेल थांबलं तसं खात्यात नवे रुपये येणं थांबलं. खात्यातली शिल्लक आटत गेली आणि बासमतीवाले, चहावाले सगळे अडचणीत आले. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि पैसे अडकले पंजाब-हरियाणातल्या तांदूळवाल्याचे, आसामच्या चहावाल्याचे. मग अनेक व्यापारी तिसऱ्या देशातला मध्यस्थ गाठतात. मध्यस्थ वाढला की त्याचं कमिशन वाढतं, आणि ते कुठून कापलं जातं हे मी आता परत सांगत नाही.

आता मोठं चित्र, पटकन. इराणमध्ये आपण चाबहार बंदर चालवतो. १३ मे २०२४ ला दहा वर्षांचा करार झाला. चाबहारची गंमत अशी की ते होर्मुझच्या बाहेर आहे, मोकळ्या समुद्रावर. सामुद्रधुनीत न शिरता इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियाला पोचायचा रस्ता. पण यंदा फेब्रुवारीत ट्रम्प प्रशासनाने इराणवरच्या दबावाचा जो आदेश काढला त्यात चाबहारला दिलेली सूट बदलायची किंवा काढायची असंही म्हटलंय. म्हणजे वाट आहे, पण तिच्यावर दुसऱ्याचं कुलूप लागू शकतं. इस्रायलकडून आपण शस्त्रं घेतो, ड्रोन घेतो. अमिरातीशी मे २०२२ पासून मुक्त व्यापाराचा करार लागू आहे. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय काम करतात. इतक्या बाजूंनी हात गुंतलेत, म्हणून भारत सरकार अशा वेळी फार मोजून बोलतं. काहींना तो मिळमिळीतपणा वाटतो. मला नाही वाटत. ज्याच्या शेताला चार वाटेकऱ्यांच्या बांधावरून पाणी येतं, तो चौघांशी गोड बोलतो. प्रश्न एवढाच की गोड बोलून पाणी वेळेवर येतंय का.

"आपल्याला काय करायचं इराण-इस्रायलशी" असं म्हणणाऱ्यांना मी फैजपूर आठवायला सांगतो. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, आपल्या यावल तालुक्यात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यांच्या भाषणात स्पेनमधलं युद्ध होतं, अॅबिसिनिया होता, युरोपात वाढणारा फॅसिझम होता. आणि त्याच मंडपात शेतसारा आणि शेतकऱ्यांचं कर्ज कमी करण्याचा कार्यक्रमही मंजूर झाला. स्पेन आणि सारा एकाच मंडपात. समोर बसलेले बहुतेक लोक शेतकरी होते, मुंबईच्या क्लबातले नव्हते. तेव्हा मोबाईल नव्हता, होर्मुझला केळी जात नव्हती, तरी त्यांना कुणी म्हणालं नाही की हे तुमच्या कामाचं नाही. तुम्ही कुठल्या पक्षाचे आहात याच्याशी या गोष्टीचा संबंध नाही. मी फक्त मंडपाबद्दल बोलतोय.

लाल समुद्राचं सांगतो म्हणालो होतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथींनी गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज पळवलं. पुढे त्यांनी ड्रोन, क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांनी सुएझची वाट सोडली आणि आफ्रिकेला वळसा घालून जहाजं न्यायला लागल्या. दहा-चौदा दिवस जास्त. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये समुद्रमार्गे केळी नेदरलँड्सला पाठवायचा पहिला प्रयोग भारताने केला होता. वेळ बघा कशी जुळून आली. युरोपला केळी पाठवायची तर आधीच दिवस जास्त, त्यात दोन आठवड्यांची भर.

त्या वर्षी २३ डिसेंबरला केम प्लुटो या टँकरवर ड्रोन आदळला, तो कुठे? गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनेकशे सागरी मैलांवर. आपल्या अंगणात म्हणा ना. त्यानंतर नौदलाने अरबी समुद्रात मोठी ताकद उतरवली. जानेवारी २०२४ मध्ये मार्लिन लुआंडा नावाच्या टँकरला आग लागली तेव्हा आयएनएस विशाखापट्टणमचे जवान विझवायला गेले. मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने रुएन हे पळवलेलं जहाज सोडवलं, ३५ चाचे शरण आले, त्यासाठी मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले होते. आखाताच्या बाजूला तर नौदलाचं ऑपरेशन संकल्प जून २०१९ पासून चालू आहे. पंजाबच्या सीमेवरचा जवान आपल्याला दिसतो, त्याच्यावर सिनेमे निघतात. आपल्या केळीच्या, तेलाच्या वाटेवर उभा असलेला नौसैनिक दिसत नाही. नौदलावर जास्त पैसा खर्च व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे मी सातपुड्याच्या पायथ्याशी बसून म्हणतोय, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे.

आता खतं. इथे तर आपण दुहेरी सापडलोय, कारण माल बाहेर जाताना एक दार आणि खत आत येताना दुसरं. केळी हे पोटॅश खाणारं पीक. पोटॅश भारतात जवळपास निघतच नाही. येतं कुठून? कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल. आता ही यादी बातम्यांच्या शेजारी ठेवून वाचा. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, बेलारूसवर निर्बंध होतेच, लिथुआनियाने त्यांच्या पोटॅशची रेल्वेवाट बंद केली. आपल्याकडे एमओपीची गोणी सतराशेच्या घरात गेली. दुकानदार म्हणाला "शॉर्टेज आहे". शॉर्टेज कशामुळे हे त्यालाही माहीत नसेल. युरियाचं तसंच. तो आपल्या देशात बनतो खरा, पण गॅसवर बनतो, आणि त्या गॅसचा मोठा भाग कतारवरून, त्याच वॉलमधून येतो. कतारशी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपण वर्षाला ७५ लाख टन एलएनजीचा नवा करार केला, २०२८ पासून पुढची वीस वर्षं. म्हणजे २०४८ पर्यंत तो वॉल आपल्या कामाचा आहे.

आणि सगळ्यात ताजी गोष्ट चीनची. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, १९:१९:१९, ०:५२:३४, १३:०:४५, ही आपल्या तोंडपाठ नावं. यांच्यासारख्या विशेष खतांची सुमारे ८० टक्के आयात चीनमधून होते. चीनने ऑक्टोबर २०२१ मध्ये खत निर्यातीवर तपासणीची अट घातली. आणि गेल्या दोन महिन्यांत भारताकडे येणाऱ्या मालाची तपासणीच करायची नाही, त्यामुळे माल कारखान्यातून हलतच नाही, असं आपल्या आयातदारांचं म्हणणं आहे. बंदी जाहीर केलेली नाही. कागदावर काही नाही. फक्त तपासणी करणारा साहेब येत नाही! तलाठी कार्यालयात ज्याने सातबाऱ्यासाठी चकरा मारल्यात त्याला हे धोरण लगेच कळेल. गोळी न झाडता दाब द्यायचा तो असा. गलवानला २०२० मध्ये जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. हे कुणी पाहत नाही, कारण यात फोटो काढण्यासारखं काही नाही.

मग मोबाईलवर बघायचं काय? न्यूज चॅनेलचं नको, तिथे प्रत्येक युद्ध तिसरं महायुद्ध असतं. तेलाचा भाव बघा, ब्रेंट. जूनमध्ये तो ७० च्या आसपासचा ८० डॉलरच्या जवळ गेला आणि शस्त्रसंधी होताच परत ७० च्या खाली आला. बाजार स्वतः घाबरला आणि दोन दिवसांत सावरला. आपला बोर्ड सावरायला किती दिवस लागले ते तुम्ही आठवा. शिपिंग लाइन सरचार्ज लावतात तेव्हा त्याची नोटीस त्यांच्या वेबसाइटवर असते, तारखेसकट, रकमेसकट. व्यापारी "कंटेनर बंद" म्हणाला तर त्याला शांतपणे विचारा, दादा, कुठल्या बंदराचं बुकिंग होतं? जेबेल अली, बंदर अब्बास की ओमानचं सोहार? सोहार तर सामुद्रधुनीच्या बाहेर आहे. कुठली लाइन? नोटीस दाखवता का? भांडायचं नाही. तो पॅकहाऊसवाला उद्याही लागणार आहे, शिवाय गावातलाच कुणाचा तरी जावई असतो. पण विचारणारा आहे हे कळलं की तीनशेचे दीडशे होतात, हे मी उरणला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पाहिलंय.

आणि शेतकरी कंपन्या चालवणाऱ्या पोरांना एक सुचवतो. तोंडी दरावर एक्सपोर्टची बाग देऊ नका. एका कागदावर लिहून घ्या की युद्धामुळे जादा खर्च आला तर लाइनच्या नोटिशीत जेवढा सरचार्ज असेल तेवढाच कापायचा, आणि त्यातला अर्धा निर्यातदाराचा. निर्यातदार लगेच सही करेल असं नाही. पाच गावांनी मिळून मागितलं तर करेल. फळपीक विम्यात निर्यात बंद पडल्याचा धोका घ्या अशी मागणीही कुणीतरी लावून धरायला हवी. आपल्याकडे सीएमव्ही आला की मोर्चा निघतो, वादळ झालं की पंचनामे होतात. होर्मुझचा पंचनामा करायला तलाठी जाऊ शकत नाही, मान्य, पण बोर्डावरचा भाव तर सगळ्यांना दिसतो ना.

ज्यांच्याकडे १३ ते ३० जूनमधली एक्सपोर्टची पट्टी असेल त्यांनी तिचा फोटो पाठवा. स्वतःचं आणि व्यापाऱ्याचं नाव बोटाने झाका. मला फक्त तारीख, दर आणि कपात हवी. पन्नास-साठ पट्ट्या जमल्या तर ब्रेंटच्या भावाशेजारी लावून बघता येईल की आपला बोर्ड कधी पडला, कधी उठला, आणि ते १७१ रुपये एकट्या नानांचे होते की सगळ्यांचे. आज लावतोय ती मृगबाग पुढच्या जून-जुलैत कापायला येईल, तोवर हा तक्ता तयार असेल.

चला, ट्रॅक्टर परत आला. भेटू पुढच्या भागात.